उठून पाहावा असा सोफा

दुकानात सोफा निवडायची आपली पद्धत ठरलेली आहे. घरातलं सर्वांत वजनदार माणूस त्यावर धपकन बसतं, दोनदा खालीवर होतं आणि ‘मस्त आहे’ म्हणतं. तेवढ्यावर लाखाच्या घरातला व्यवहार होतो. माझ्या मते ही परीक्षा अर्धीच आहे, आणि तीही सोपी अर्धी. खाली बसायला गुरुत्वाकर्षण मदत करतं. त्यात सोफ्याचं कर्तृत्व काय? त्याचा कस उठताना लागतो, आणि हल्लीचा एल-शेप सोफा बहुधा तिथेच नापास होतो.

खुर्चीवरून उठणारा माणूस आधी पुढे सरकतो, टाचा गुडघ्यांच्या मागे घेतो, अंग झुकवतो आणि हातांनी रेटा देतो. जेवणाच्या खुर्चीची बैठक 17-18 इंचांवर असते, म्हणून हे नकळत होऊन जातं. नव्या सोफ्याची बैठक 15-16 इंचांवर, त्यात फोम दबून आणखी खाली. मागच्या उशीपर्यंतचं अंतर 24 इंच, म्हणजे कडेपर्यंत सरकणं हाच एक प्रवास. तळ थेट फरशीला टेकलेला. खाली केर जात नाही, हा त्याचा गुण सांगतात. केर जात नाही तशी टाचही जात नाही. एलच्या कोपऱ्यात तर टेकायला हातही नसतो. तिथला पाहुणा दोन्ही मुठी गादीत रोवतो, मुठी आत जातात, आणि तो आहे तिथेच राहतो. मराठी पाहुणा तसाही ‘निघतो’ म्हटल्यावर अर्धा तास निघत नाही. त्याला फर्निचरची साथ कशाला? यावर विक्रेत्याकडे ‘फोर्टी डेन्सिटी’ हा मंत्र असतो. पण डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो, किती कडक आहे याचा नाही.

या घराण्याचे पूर्वज मात्र नामांकित आहेत. इटलीच्या मारिओ बेलिनीने 1970 साली ‘कामालेओंदा’ केला : गुबगुबीत चौकोनी ठोकळे, हवे तसे जोडा. फ्रान्सच्या मिशेल द्युकारॉयच्या 1973 सालच्या ‘तोगो’ला पाय नाहीत, आत सांगाडाही नाही. दोन्ही देखणे, आणि दोन्ही ऐसपैस लोळण्यासाठी. आपण त्यांच्या वंशजांवर गुडघेदुखीचे आजोबा बसवले आणि हातात भरलेली कपबशी दिली.

आपण मांडी घालणारे लोक, आपल्याला ऐसपैस बैठक हवीच, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मांडीला टणकपणाही लागतो. जुन्या बैठकीतल्या कापसाच्या गादीवर माणूस रुतत नसे. जमिनीवरून उठणं तर याहून कठीण, असंही कोणी म्हणेल. खरंय, फक्त जमीन हाताखाली दबत नाही. पाठीमागे उशा लावा, हा उपाय महागडा. मुंबईत चौरस फुटाला हजारो रुपये मोजायचे आणि ती जागा उशांना द्यायची! तुकड्यातुकड्यांनी लिफ्टमधून वर जातो, हा मात्र एल-शेपचा निर्विवाद गुण.

म्हणून दुकानात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला न्यावं, सोफ्याच्या कोपऱ्यात बसवावं, चहा मागवावा. चहा संपल्यावर त्यांना आपलं आपण उठू द्यावं. विक्रेता हात द्यायला धावला, तर पुढच्या सोफ्याकडे वळावं.