ब्रेकची तक्रार : स्वरूप, प्रकार व निवारण

ब्रेकची तक्रार म्हणजे गाडी नीट थांबत नाही असे मालकाचे आणि थांबते असे डीलरचे म्हणणे. ही दोन्ही म्हणणी एकाच जॉब कार्डावर एकाखाली एक लिहिलेली सापडतात आणि त्यांच्याखाली मालकाचीच सही असते. ही तक्रार देशभर आढळते. पण पुण्याजवळच्या निगडी, भोसरी, मोशी ते चाकण या पट्ट्यात तिचे जे वाण पिकते, ते दुसऱ्या मातीत येत नाही.

त्याचे कारण माणसांत आहे. आकुर्डीत स्कूटरी झाल्या, पिंपरीत ट्रक झाले, १९९८ साली इंडिका आली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या शिवारात २००९ साली फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ एकाच वर्षी येऊन बसल्या. गाडीमागोमाग सुटे भाग येतात, तसे ब्रेकचे कारखानेही आले. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. एसटी आणि शहर बसवाल्यांना धडे देणारी सीआयआरटी भोसरीतच आहे. म्हणजे ब्रेक ओतणे, घासणे, जोडणे, तपासणे आणि पास करणे ही सगळी कामे पीएमपीच्या एका दिवसाच्या पासात फिरून पाहता येतील इतक्या टापूत होतात. राहतो तो बिघडलेला ब्रेक दुरुस्त करण्याचा भाग. तो डीलरकडे आहे.

या पट्ट्यातला तक्रारदार बहुधा एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी विभागात असतो. निदान त्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये क्वालिटीतली तीन माणसे भेटतात. आठवडाभर तो स्वतः तक्रारींना उत्तरे देतो. चाकणच्या गाडी कंपनीतून मेल येतो : तुमच्या लॉटमधले चार नग नाकारले आहेत. हा माणूस फिशबोन काढतो, पाच वेळा ‘का’ विचारतो, आठ पायऱ्यांचा रिपोर्ट भरतो आणि शेवटी लिहितो की नग आमच्याकडे तपासला असता दोष आढळला नाही, हाताळणीत चूक झाली असावी. गुरुवारी कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. गुरुवारी सकाळी तो आपली गाडी घेऊन डीलरच्या काउंटरसमोर उभा राहतो, आणि तेच वाक्य त्याला ऐकवले जाते. वाक्य ओळखीचे असल्याने तो चिडतो तो दुप्पट.

तक्रारींचे मुख्य प्रकार तीन : आवाज, थरथर आणि पेडल खाली जाणे. थरथरीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. डिस्क जराशी वाकडी झाली किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, की ब्रेक दाबताना स्टिअरिंग हातात नाचते. हे हाताला कळते, त्यामुळे नाकारता येत नाही. फक्त पुढे ढकलता येते.

आवाजाचे तसे नाही. डिस्कवर पॅड घासताना दोन्ही अतिशय वेगाने कंप पावतात आणि ‘चीं’ ऐकू येते. रात्री पाऊस पडला, गाडी पार्किंगमध्ये उघड्यावर राहिली, तर लोखंडी डिस्कवर सकाळपर्यंत गंजाचा पातळ थर धरतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकला गाडी गावजेवणातल्या भांड्यांसारखी वाजते. मग डिस्क पुसली जाते, तापते, आवाज जातो. तक्रारदार मोशीहून निघतो तेव्हा आवाज असतो. नाशिक फाट्यापर्यंतच्या गर्दीत साठ-सत्तर वेळा ब्रेक लागतो. वर्कशॉपच्या फाटकात शिरताना गाडी मुकी झालेली असते. दाखवायला नेले की पोराचा ताप उतरतो, हा अनुभव डॉक्टरांच्या बाबतीतही आहे. पण डॉक्टर निदान आईच्या शब्दावर औषध देतात.

पेडल खाली जाणे हा गंभीर प्रकार. पाइपात हवा राहिली असेल तर पाय दाबल्यावर तेलाऐवजी हवाच दबते आणि पेडल स्पंजासारखे लागते. हवा काढायला दोन माणसे लागतात : एक आत बसून पेडल मारणारा आणि एक खाली बसून नट सोडणारा. एक चहाला गेला की हवा आत राहते. ब्रेक ऑइल जुने असेल तर गोष्ट आणखी अवघड, कारण ते हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. माळशेज घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. पायथ्याला गाडी तासभर उभी केली, थंड झाली, की पेडल पूर्ववत. वर्कशॉपमध्ये ते घट्टच लागते. घाट वर्कशॉपमध्ये आणता येत नाही, ही डीलरच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

तक्रार प्रथम सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या कानावर जाते. हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात टॅब असलेला, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असतो आणि त्या दिवशी त्याच्या नावावर चौदा गाड्या असतात. मालक सांगतो, “अहो, सकाळी सिग्नलला दाबला की चीं करतो, आणि उतारावर पाय जरा जास्तच खाली जातो. मिसेस तर म्हणते, आता मी रिक्षानेच जाणार.” टॅबवर उमटते : ‘ब्रेक नॉइज, चेक’. पायाचा आणि मिसेसचा उल्लेख गळतो. भाषांतरात काव्य हरवते असे म्हणतात. जॉब कार्डात ब्रेक हरवतो. पुढे ग्राहक आयोगासमोर हेच कार्ड पुरावा ठरते आणि ‘पेडलची तक्रार कधी केलीच नव्हती’ असे उत्तर येते. म्हणून सही करण्यापूर्वी आपले शब्द आपल्याच तोंडचे आहेत का, ते पाहावे. सांगायला सोपे आहे. मागे उभ्या असलेल्या गाडीचा मालक हॉर्न वाजवत असतो.

यानंतर टेस्ट ड्राइव्ह. हिचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी सर्वत्र सारखे आहेत. गाडी अ‍ॅडव्हायझर चालवतो, मालक शेजारी बसतो, मागे एक टेक्निशियन कान देऊन बसतो. काच खाली, एसी बंद, रेडिओ बंद. सर्व्हिस रोडला चाळीसचा वेग, करकचून ब्रेक. गाडी थांबते. शांतता.

“आला का सर आवाज?”

“आत्ता नाही आला. सकाळी येतो.”

“परत घेऊ सर.”

सहा वेळा ब्रेक लागतो. सातव्या वेळी मागून खरोखर ‘चीं’ ऐकू येते आणि मालकाचा चेहरा उजळतो. पण तो आवाज मागे अंगावर येऊन थांबलेल्या टेम्पोचा निघतो. टेम्पोवाला काय बोलतो ते येथे देण्याचे कारण नाही. परतल्यावर कार्डावर दुसरी ओळ चढते : ‘टेस्टेड, ओके’.

काही वेळा दुरुस्ती होते. निदान बिलावर होते. या नोंदीच्या लेखकाच्या गाडीचे पुढचे पॅड एका डीलरकडे बदलण्यात आले. डीलरचे नाव सांगण्यात अर्थ नाही, वाचकाने आपापल्या डीलरचे घालून घ्यावे. गाडी ११ किलोमीटर चालून घरी आली. आवाज तसाच होता. लेखकाच्या शेजाऱ्याने कंपनीतून आणलेला व्हर्निअर काढला. या पट्ट्यात घरात साखर नसेल, पण व्हर्निअर सापडतो. जॅक लावून चाक उतरवले आणि पॅड मोजला. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. हा ५ भरला. शेजाऱ्याने तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली, कागदावर तारीख घातली आणि सवयीने ‘इन्स्पेक्टेड बाय’ खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “सर, गाडी चालल्यावर पॅड झिजतात ना.”

११ किलोमीटरमध्ये सहा मिलिमीटर! या हिशेबाने तीच गाडी चाकणहून निघाली असती, तर उरलेल्या पाच मिलिमीटरांवर राजगुरुनगर आले नसते. हा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवण्यात आला. त्याने तो लक्षपूर्वक पाहिला आणि फ्लोअर मॅनेजरना बोलावले. मॅनेजर वयाने मोठे, अनुभवी. त्यांनी हिशेबाला हात न लावता विचारले, “तुम्ही कुठल्या कंपनीत?” नाव सांगितले. “अरे! तिथे आमचा भाचा आहे.” पुढची दहा मिनिटे भाच्यावर गेली. जुने पॅड परत मागितले असता डिकीत ठेवल्याचे सांगण्यात आले. डिकीत एका पिशवीत पॅड होते खरे. पण ते मागच्या चाकाचे होते, आणि लेखकाच्या गाडीला मागे ड्रम आहेत.

या टप्प्यावर पुष्कळ मालक भोसरीच्या एखाद्या मिस्त्रीकडे जातात. मिस्त्री टायर काढतो, कॅलिपरची पिन सुकलेली दाखवतो, घासतो, ग्रीस लावतो, आवाज बंद करतो आणि चहाच्या पैशांहून थोडे जास्त घेतो. मात्र बाहेरचा हात लागला की वॉरंटी जाते, असा धाक डीलरने आधीच घातलेला असतो. त्यात तथ्य किती, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका मालकांपैकी फार थोड्यांनी प्लॅस्टिकच्या बाहेर काढलेली असते. काढली, तर पॅड आणि लायनिंग या झिजणाऱ्या वस्तू असून वॉरंटीत येत नाहीत, हे वाक्य आढळते. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर मात्र त्या यादीत सहसा नसतात. भांडायचे ते त्यांच्यावर.

त्याच सुमारास फोन येतो. डीलरकडची ताई अत्यंत गोड आवाजात सांगते की कंपनीचा फीडबॅक कॉल येईल तेव्हा दहापैकी दहा द्या सर, नऊ दिले तरी आमच्या मुलाचा इन्सेन्टिव्ह कापला जातो. ब्रेक न लागणारी गाडी दारात उभी असताना मराठी माणूस ‘दहा’ म्हणतो. मुलाचे पोट आहे. मग कंपनीच्या दप्तरी ग्राहक समाधानी असल्याची नोंद होते, आणि पुढे त्याने केलेली तक्रार त्याच नोंदीवर आपटते.

कायद्याचा मार्ग यानंतर सुरू होतो. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी उभी केली आणि ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. तेव्हा या भागाला ग्राहकहक्क नवीन नाहीत. सध्याचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून टाकले. निकाल तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. ‘प्रयत्न’ हा शब्द कायद्याचा आहे. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे जवळपास दोन महिने झुंजवला. तारखांवर तारखा पाहिलेल्या तक्रारदाराला ती लढाई आटोपशीर वाटते.

तक्रार कुणाविरुद्ध, हा नेहमीचा घोळ. बहुतेक जण डीलर आणि कंपनी दोघांनाही ओढतात. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी मिळाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला त्यातून मोकळे करण्यात आले. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे. दोघांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असते, त्यामुळे डीलरने परस्पर केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवावे लागते. फाटकावर कंपनीचे नाव, शर्टावर कंपनीचे नाव, बिलावर कंपनीचे चिन्ह. वाद झाला की मात्र प्रत्येकाचे घर वेगळे. एकत्र कुटुंब पाहिलेल्यांना यात नवीन काही नाही. गाडीच बदलून मागणाऱ्यांनी २००६ चा एक निकाल ध्यानात ठेवावा : दोष एका भागात असेल तर भाग बदलायचा, गाडी नव्हे.

ब्रेकच्या बाबतीत डीलरविरुद्ध ‘सेवेतील त्रुटी’ दाखवणे त्यामुळे सोयीचे पडते. चुकीचे काम, अर्धवट काम, न केलेल्या कामाचे बिल. यासाठी लागतात जॉब कार्ड, बिल, जुने पार्ट, लेखी नोटीस आणि शक्य असल्यास गाडी जाणणाऱ्याचा अहवाल. लेखकाच्या प्रकरणात शेजाऱ्याचा व्हर्निअरचा कागद नोटिशीला जोडण्यात आला. नोटीस पोचल्यावर चौथ्या दिवशी पॅड बदलून मिळाले. ते मोजले : ११ मिलिमीटर. बिलावर लिहिले होते : ‘गुडविल’.

तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. बिल भरताना कार्ड-पेमेंटच्या मशीनमधून निघणाऱ्या पावतीवरची शाई त्याच्या बरीच आधी उडते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी.