वहिनींचं लोकेशन

वाढदिवस म्हणजे औक्षण, केक आणि पावभाजी, एवढ्यावर भागणारी घरं अजून आहेत. आमचं त्यांतलं नाही, कारण आमच्या घरात वहिनी आहेत. कुणाचाही वाढदिवस महिन्यावर आला की त्या त्या माणसाकडे मान तिरकी करून बघायला लागतात. तो बिचारा चहा पीत असतो, त्याला वाटतं मिशीला साय लागली. तेवढ्यात वहिनी म्हणतात, "तुम्ही ना, मला सारखे मंडईत दिसताय." म्हणजे लोकेशन ठरलं.

बागेत गुलाबाला हात लावून काढलेला फोटो कुणाचाही असू शकतो, असं त्यांचं मत आहे. "फोटोत माणूस दिसला पाहिजे, भावजी. नुसतं तोंड आधार कार्डावरही असतं." म्हणून आधी चौकशी. लहानपणी काय चोरलं होतंत? कशाचा वास आवडतो? बायकोशी सगळ्यात जास्त कशावरून वाजतं? उत्तरं एका वहीत लिहिली जातात. त्याच वहीत मागच्या बाजूने दुधाचा हिशेब असल्यामुळे कोणाची कोणती गुपितं कोणत्या महिन्यातली, ते त्यांना बरोबर सापडतं.

मंडईत दिसले ते मामा. मामांना भाजी खाण्यापेक्षा घेण्यात रस. मागे महात्मा फुले मंडईचा तो १८८६ सालचा अष्टकोनी मनोरा आणि पुढे वांग्यांच्या राशीत मामा, असा बेत होता. पण भाजीवाल्या मावशींनी दिग्दर्शन हातात घेतलं. "काका, वांगं असं धरतात व्हय? देठाला धरा!" मामांना भाव जास्त वाटला, मावशींना मामा जास्त वाटले आणि दोघांची जुंपली. मामांच्या साठीचा फोटो म्हणजे एक वांगं नाचवत संतापलेला माणूस आहे. मामींच्या मते इतका हुबेहूब फोटो त्यांचा आजवर निघालेला नाही.

ताईच्या चाळिशीला आपटा स्टेशन निघालं. शाहरुखच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट तिथला ना! दाजींनी फलाटावर उभं राहून हात पुढे करायचा आणि ताईने घागरा सावरत धावत यायचं. दाजी म्हणाले, "गाडी नाही, घाई नाही, मग ही धावतीये कशाला?" वहिनींकडे याला उत्तर नव्हतं. फोटोत दोघं बाकावर बसून डब्यातल्या पुऱ्या खाताना दिसतात.

मात्र वहिनींची तयारी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सकाळी आठनंतर डोळ्यांखाली सावल्या पडतात, म्हणून सगळ्यांना पाचला उठवतात. केकखालचा चंदेरी पुठ्ठा त्या कधी टाकत नाहीत. चेहऱ्यावर उजेड परतवायला तो माझ्या हातात दिला जातो आणि "भावजी, थोडं वर. अहो, वर म्हणजे तुमचा हात, मान नाही" अशा सूचना चालू होतात. पलंगाखालच्या पिशवीत कंदील, फेटा, खणाची चोळी, एक फुटकं हार्मोनियम. आणि ठेवणीतलं वाक्य, "अजिबात हलू नका, पण अगदी नैसर्गिक राहा!"

त्यांची खरी कसोटी लागली अप्पांच्या पंचाहत्तरीला. अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. त्यांचा जन्म आषाढातला, पाऊस मरणाचा होता, एवढंच आजी सांगायची. शाळेत घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून ठोकून दिली. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनलाच यायचा. वहीत ही नोंद करताना वहिनी एकदम थांबल्या. एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली ती १ जून १९४८ ला. अप्पांच्या दाखल्यावरची तारीखही तीच. म्हणजे २०२३ मध्ये दोघांची पंचाहत्तरी एकाच दिवशी! आनंदाने त्यांनी माझ्या हातावर पेन आपटलं.

मग अर्ज. 'प्रति, माननीय आगार व्यवस्थापक. विषय : सासऱ्यांचा फोटो काढण्याबाबत.' साहेबांनी तो दोनदा वाचला म्हणे, आणि कोपऱ्यातल्या उभ्या गाडीपाशी अर्धा तास दिला.

अप्पांनी ट्रंकेतून खाकी काढली. डांबरगोळ्यांचा वास सुटला. पोटावरचं बटण लागेना, तेव्हा पाठीमागून सदरा उसवून सेफ्टी पिना लावल्या. चामडी पिशवी होती, पंचही होता. लाल गाडीला खेटून उभं केलं तर गालांवर लाली चढते, म्हणून वहिनींनी अप्पांना दोन हात पुढे घेतलं. पुतण्याने कॅमेरा लावला. अप्पा ताठ. रेशन कार्डाचा फोटो काढायला आल्यासारखे. "अप्पा, हसा ना!" "ड्युटीवर हसत नाहीत." पंधरा मिनिटं अशीच गेली. वहिनींचा चेहरा पडायला लागला.

तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेल्या एक आजी थेट अप्पांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "ओ कंडक्टर, ही गाडी कुठली?"

अप्पांच्या मानेला झटका बसला. "कुठं जायचंय आजी? आधी बोचकं खाली ठेवा, मान मोडेल." आजी गाडीत चढल्या. एक चढलेला बघून आणखी चार चढले. अप्पा दारात. "आत सरका, मागं जागा आहे! सुटे काढून ठेवा!" सतरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस पंच टकटकवत होता आणि ज्या गाडीला ड्रायव्हर नव्हता, तिच्यात खिडकीच्या जागेवरून भांडण लागलं होतं. वहिनी ओरडल्या, "कुणीही हलू नका!" त्यावर सगळे हलले. पुतण्याचं बोट मात्र थांबलं नाही.

खऱ्या कंडक्टरने येऊन सगळ्यांना खाली उतरवलं. आजींना त्यांच्या फलाटावर अप्पांनी स्वतः सोडलं, बोचकं उचलून.

तो फोटो दिवाणखान्यात लावलाय. अप्पांचं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, सदऱ्याची पिन सुटलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते फक्त आजींकडे बोट दाखवून सांगतात, "हिच्याकडे सुटे नव्हते."

आता पुढच्या मार्चमध्ये माझी पन्नाशी. मान तिरकी करून बघणं सुरू झालंय. मी माझं आवडतं ठिकाण म्हणून पलंग सुचवला, तो नामंजूर झाला. "भावजी, तुम्ही लिहिता ना, मग पिठाची गिरणी! तेच तेच दळण, आणि वर पांढरा मऊ उजेड." तेव्हा पट्ट्यावर चालणारी जुनी गिरणी कुणाच्या माहितीत असेल तर कळवावं. नसेल, तर वहिनींना ते कृपा करून सांगू नये. त्या दुसरं काहीतरी शोधतील.