१६५ पैकी १९९

हा माणूस हल्ली कुठल्याही मोठ्या सोसायटीत एखादा तरी सापडतो. वय तिशीच्या पुढे-मागे, नोकरी हिंजवडीत, पगार उत्तम आणि कपाटात शर्टांच्या खणात पोकेमॉनची कार्डं. 'खेळतोस का रे?' असं मात्र त्याला विचारू नये. खेळतात ती पोरंटोरं. तो जमवतो.

पाकीट फोडायचं तर आधी हात धुऊन कोरडे करायचे, पंखा बंद करायचा. कात्री लावायची नाही, मागची शिवण हलकेच उकलायची. लग्नपत्रिका हातात येताच आधी 'आहेर आणू नये' शोधावं, तशी त्याची नजर चित्राला वगळून थेट खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे मोहरीएवढी खूण असते. गोल म्हणजे कॉमन, चौकट म्हणजे अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर. गोल आणि चौकटी तो न बघताच बाजूला सारतो. चांदणी दिसली की श्वास रोखतो, कारण चांदण्यांतही जाती आहेत. २०२३ पासूनच्या इंग्रजी संचांत दोन काळ्या म्हणजे डबल रेअर, दोन रुपेरी म्हणजे अल्ट्रा रेअर, एक सोनेरी म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, तीन सोनेरी म्हणजे हायपर रेअर. आणि बाजारात पुष्कळदा तीनपेक्षा दोन सोनेरी चांदण्यांनाच भाव जास्त, कारण त्यांवरचं चित्र देखणं असतं. म्हणजे चित्राकडे बघणारी माणसं जगात आहेत तर!

त्याच्या आई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. एकदा त्याने '१५१' नावाच्या संचातला चॅरिझार्ड त्यांच्यापुढे धरला. कोपऱ्यात छापलेलं, १९९/१६५.

"१६५ पैकी १९९? हे कोणी तपासलंय?"

"आई, ते सिक्रेट रेअर आहे. ठरलेल्या आकड्याच्या बाहेरचं."

"आमच्या शाळेत अशा पेपरची चौकशी लागायची."

खरं तर यातलं काहीच आपोआप दुर्मीळ होत नाही. कुठलं कार्ड किती छापायचं ते कंपनीच ठरवते. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक' हा कार्डांचा खेळ आला तेव्हापासून हे असंच चाललंय, आणि ते गृहस्थही गणितातलेच. हे आईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.

भारी कार्ड निघालं की प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कडक कव्हरात. मग भिंग. कडेला पांढरा कण दिसला की घरात सुतक. कण नसेल तर कार्ड अमेरिकेला, कार्डांची प्रत ठरवणाऱ्या पीएसए कंपनीकडे जातं. तिथे त्याला दहापैकी गुण मिळतात. नऊ आले तर दोन दिवस जेवण जात नाही. दहावीला ६८ टक्के पडले तेव्हा मात्र व्यवस्थित जेवला होता म्हणे.

पुढे हा आजार माणसांवर जातो. वॉचमन अनकॉमन, वेळेवर येणारा प्लंबर अल्ट्रा रेअर. स्थळ आलं की मुलीची माहिती ऐकून 'प्रिंट रन किती?' असा चेहरा करतो. त्याच्या हिशेबाने पुण्यातला सॉफ्टवेअर इंजिनीअर मात्र शुद्ध गोल, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

त्याचं दैवत म्हणजे 'पिकाचू इलस्ट्रेटर'. १९९७-९८ मध्ये जपानच्या 'कोरोकोरो' मासिकाच्या चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून वाटलेलं हे कार्ड. त्याची दहापैकी दहावाली प्रत २०२१ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतली. हा आकडा सांगताना तो चप्पल काढून उभा राहतो.

तेव्हा १९९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मावशीने आणलेली कार्डं माळ्यावर असतील, तर त्याला बोलावण्याआधी स्वतः डबा उघडा. चित्राच्या डाव्या बाजूला खाली काळा 'एडिशन १' शिक्का आहे का बघा. असला तर ते कार्ड पहिल्या छपाईचं. 'जुनंच आहे, देऊन टाका मला,' असं तो म्हणाला तर चहा पाजा, कार्ड देऊ नका.