पडदा काळा, कारभार चालू

संगणकाने काम नाकारण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांत काळा पडदा ही सर्वांत उर्मट. निळा पडदा निदान काहीतरी बोलतो. इंग्रजीत बोलतो, आकडे-बिकडे घालून बोलतो, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण समोरच्याने बोलायची तसदी घेतली एवढं समाधान मिळतं. शिवाय त्या आकड्यांचा फोटो काढून कुणा जाणकाराला पाठवता येतो. काळ्या पडद्याचा फोटो पाठवला तर जाणकार उलट विचारतो, "फोटो नीट आला नाही का?"

खऱ्याखुऱ्या संगणकाचा पडदा काळा पडला तर आपल्याकडे त्यावर उपचारांची भरभक्कम परंपरा आहे. आधी केबल काढून पुन्हा खोचायची. मग मागचं बटण बंद करायचं, मनात काहीतरी पुटपुटायचं आणि चालू करायचं. तरीही उजेड पडला नाही तर दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. तो येतो, कॅबिनेट उघडतो, रॅमची पट्टी उपसतो आणि खिशातून चक्क खोडरबर काढून तिच्या सोनेरी कडेवर घासतो. तिथे चढलेला थर निघतो, पट्टी खटकन जागेवर बसते आणि पडदा उजळतो. मोठमोठ्या कारखान्यांत हातमोजे घालून बनवलेलं यंत्र शाळेच्या दप्तरातल्या वस्तूने बरं होताना पाहिलं की आपल्यालाच उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं.

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकाचा, पडदा काळा पडला की मात्र ही सगळी विद्या फुकट. खोडरबर घासायचं कुठे? रॅम म्हणजे खऱ्या रॅममधला वेगळा काढून दिलेला वाटा. हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड असल्याचा अभिनय करणारा प्रोग्रॅम. केबल नाही, पंखा नाही, लुकलुकणारा दिवा नाही आणि वैतागाच्या भरात थाप मारायला पाठही नाही.

ही मशीनमधली मशीन काही काल-परवाची नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात तिचा जन्म झाला. संगणक एकच, तोही खोलीभर आणि प्रचंड महाग, वापरणारे पुष्कळ. तेव्हा प्रत्येकाला अख्खा संगणक आपल्या एकट्याचा वाटावा अशी सोय त्या मंडळींनी केली, आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' या नावाने ती बाजारात येत असल्याचं जाहीर झालं. पेठेतल्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाला आपल्या दोन खोल्या म्हणजेच सबंध वाडा वाटावा, आणि शेजारी कुणी राहतं याचा पत्ताही लागू नये, अशी ही योजना. प्रत्यक्ष पुण्यात ती आठवडाभरही टिकली नसती. यंत्रांना मात्र शेजारधर्म नसल्यामुळे ती उत्तम चालली. १९९९मध्ये 'व्हीएमवेअर वर्कस्टेशन' आलं आणि टेबलावरच्या साध्या संगणकातही बिऱ्हाडं ठेवता येऊ लागली. २००७मध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स' फुकट मिळू लागलं, तशी ती कुणालाही परवडू लागली.

आपल्याकडे अशी बिऱ्हाडं कोण ठेवतं? आयटीतली मंडळी ठेवतात, लिनक्स शिकणारी कॉलेजची मुलं ठेवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मराठी डीटीपीवाल्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही. युनिकोड सर्वदूर होण्याआधीची मराठी अक्षरं श्री-लिपी, आयएसएम अशांच्या फाँटांत बसवलेली आहेत आणि पानं पेजमेकरमध्ये लावलेली आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. विंडोज एक्सपीही त्याच वर्षीची. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीला रामराम ठोकला, पण मराठी पुस्तकांनी ठोकला नाही. जुनी फाइल नव्या संगणकावर थेट उघडली तर 'प्रस्तावना' या शब्दाच्या जागी कंस, टक्के आणि फ्रेंच लोक वापरतात तसली अक्षरं उभी राहतात. म्हणून नव्या लॅपटॉपच्या पोटात एक एक्सपी जपून ठेवलेला असतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की त्याला उठवायचं, चार चुका दुरुस्त करून घ्यायच्या, पुन्हा झोपवायचं.

आमच्या ओळखीचे असे एक डीटीपीवाले आहेत. अप्पा बळवंत चौकातले निम्मे प्रकाशक त्यांना मामा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात, दिवाळी अंकांची धांदल सुरू होण्याच्या बेतात असताना, मामांचा एक्सपी उठला तो काळं तोंड घेऊन. खिडकी उघडली, आत अंधार. मामांनी बंद केलं, चालू केलं, अंधार. मग त्यांनी सख्ख्या भाचीला फोन लावला. ती हिंजवडीत नोकरीला आहे आणि अशा शेकडो मशिनींचा सांभाळ करणं हाच तिचा धंदा आहे. संध्याकाळी ती आली तेव्हा चहाच्या निमित्ताने मीही तिथे होतो.

"मशीन गेलं गं," मामा म्हणाले. "सगळं नव्याने टाकावं लागणार."

"मामा, कशावरून गेलं?"

"दिसत नाही म्हणजे गेलंच की."

भाचीने स्पीकरचा आवाज वाढवला आणि एक्सपी पुन्हा चालू केला. पडदा तसाच काळा. पण जरा वेळाने त्या काळोखातून एक्सपीची ती ओळखीची स्वागताची धून वाजली. मामांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला, जणू काही त्याने नीट ऐकू येणार होतं.

"आत सगळं व्यवस्थित चाललंय," भाची म्हणाली. "फक्त तुला दाखवता येत नाहीये."

मला वाटतं, या विद्येतलं सगळं शहाणपण तेवढ्या वाक्यात आहे. काम होणं ही एक गोष्ट आणि ते दिसणं ही दुसरी. संगणकाच्या आत या दोन गोष्टींची खातीच वेगळी आहेत. एकीकडे हिशेब, फाइली, जुळणी चालू असते. दुसरीकडे कुणीतरी त्याचं चित्र रंगवून आपल्यासमोर धरत असतं. रंगवणारा आजारी पडला तरी कारखाना चालू राहतो. आपण मात्र पडद्यालाच संगणक समजत आल्यामुळे पडदा गेला की थेट सुतकाची तयारी करतो. म्हणूनच काळ्या पडद्यावर सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय 'फॉरमॅट मारा' हा असतो. नाडी बघण्याआधी तिरडी बांधायचाच प्रकार.

नाडी बघण्याच्या रीती अनेक आहेत. आतलं मशीन लिनक्सचं असेल तर नेटवर्कवरून त्यात शिरून पाहतात. पडदा काळा असला तरी मशीन ओ देतं. कधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकत्र दाबल्यावर चित्रांचा डामडौल बाजूला सारून साधी अक्षरं येतात आणि कळतं, की बिचाऱ्याची डिस्क काठोकाठ भरली आहे; लॉगिनचा पडदा रंगवण्याआधी लागणाऱ्या बारीकसारीक फाइली लिहायलाही जागा नाही. कधी सुरुवातीलाच 'नोमोडसेट' असा एक शब्द सांगावा लागतो. त्याचा मथितार्थ एवढाच, की बाबा रे, नटण्या-मुरडण्याच्या फंदात पडू नकोस, आहेस तसा बाहेर ये.

आणि कधी काही बिघडलेलंच नसतं, फक्त उशीर होत असतो. अलीकडच्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा, अशीच बिऱ्हाडं सांभाळणारा हायपर-व्ही बरेचदा आधीच ठाण मांडून बसलेला असतो, म्हणजे वाड्याच्या मालकावर आणखी एक मालक. मग प्रोसेसरकडे थेट जायची सोय राहत नाही, सगळे अर्ज वरच्या मालकामार्फत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशा वेळी खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसतं. इतकी प्रांजळ कबुली मी दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही. बाकीचे गोल फिरणारं चक्र दाखवून आशा लावतात. इथे सरळ कासव. आपल्या अनेक कार्यालयांच्या दारावर लावायला हरकत नाही.

भाचीने दुसरी शक्यता तपासली. एखादी कळ दाबून बघितली. कारण वापरात नसलेला एक्सपी काही वेळाने वीज वाचवण्यासाठी मॉनिटर बंद करतो. या मशीनला मॉनिटर नाही. तिच्या वाटणीची वेगळी वीज नाही. तरी काटकसर चालू. संस्कार म्हणतात ते हेच असावेत. मामांनी मध्येच उत्साहाने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, ते अर्थातच बाहेरच्या विंडोजने ऐकलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आतल्याला तो निरोप द्यायचा तर उजवा कंट्रोल धरून डिलीट दाबावं लागतं. वाड्यात दिंडीवरून मारलेली हाक आधी मालकच ऐकतो.

मग तिने आतल्या मशीनकडूनच त्याच्या पडद्याचा फोटो मागवला. ही युक्ती मला फार आवडली. तुझ्या दृष्टीने तुझा पडदा कसा दिसतोय, असं खुद्द त्यालाच विचारायचं. फोटोत चित्र असेल तर आत सगळं ठीक आणि बाहेरची खिडकी आंधळी. फोटोही काळा असेल तर रंगवणाराच आत अडलेला. फोटो काळा आला.

"म्हणजे वाईट?" मामा.

"म्हणजे सोपं. आता कुठे शोधायचं ते कळलं."

पुन्हा चालू करताना तिने एफ-एट दाबून एक्सपीला सेफ मोडमध्ये आणलं आणि पडदा उजळला. मोठमोठी अक्षरं, मोजके रंग, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' असं लिहिलेलं, पण उजळला. रंगवणाऱ्याच्या हातात भारी कुंचले दिले होते, ते त्याला पेलत नव्हते. साधे दिले तर तो कामाला लागला. सेटिंग उघडल्यावर उलगडा झाला. मामांच्या ऑफिसातल्या उमेदवार पोराने एक्सपी जरा पळावा म्हणून कुठल्याशा व्हिडिओत बघून ग्राफिक्स कंट्रोलर नव्या पद्धतीचा निवडला होता, थ्रीडीसमोर खूण केली होती आणि व्हिडिओ मेमरीचा काटा पार १२८ एमबीपर्यंत ओढला होता. ज्या एक्सपीला सबंध कारभारासाठी १२८ एमबी रॅम भरपूर मानली जायची, त्याच्यापुढे नुसत्या रंगरंगोटीसाठी तेवढी ओतली तर म्हातारा भांबावणारच. भाचीने सगळं पूर्ववत केलं. एक्सपी उठला, आणि मागचं हिरवं टेकाड, निळं आकाश जागच्या जागी आलं.

"आणि मी सगळं पुसून नव्याने टाकणार होतो," मामा म्हणाले. मग थोडा वेळ थांबून, "दिसत नव्हता, पण काम करत होता बिचारा."

हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभलं. मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव असतं, आत प्रस्तावनाकाराचं असतं, मागे परिचय असतो. ज्याने अर्धविराम, पूर्णविराम, वेलांट्या आणि पानांचे आकडे जागेवर बसवले, त्याचं नाव श्रेयनामावलीच्या पानावर, मुद्रकाच्या वर, भिंगातून पाहावं लागेल अशा टायपात असतं. वाचक त्या पानावर कधीच थांबत नाही. पान चांगलं लागलं असेल तर ते कुणी लावलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तीच त्या कामाची पावती.

मामांनी भाचीकडून पायऱ्या लिहून घेतल्या आणि त्याच रात्री, त्याच एक्सपीत, पेजमेकरमध्ये त्या पायऱ्यांचं एक पान लावलं. 'आधी थांबा. आवाज ऐका. एखादी कळ दाबा. खालच्या पट्टीत कासव आहे का पाहा. आतल्याकडून फोटो मागवा. सेटिंगला कुणी हात लावला ते पोराला प्रेमाने विचारा. फॉरमॅटचं नाव काढू नका.' दुहेरी चौकट, मधे नक्षी, शीर्षक ठळक. छापून मॉनिटरशेजारी चिकटवलं. पडद्यावर ठेवलेली यादी पडदा काळा पडल्यावर वाचता येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. परवा मी ती जवळ जाऊन वाचली. सगळ्यांत खाली, अगदी बारीक टायपात, 'अक्षरजुळणी' असं लिहून त्यांनी स्वतःचं नाव घातलं आहे.