रोजनामचे गुरुजी

बालाघाटात एखाद्याचं पोट्टं रात्री घरी आलं नाही, की घरचे आधी त्याच्या मित्रांना फोन लावतात, मग सरकारी दवाखान्यात, आणि मग गुरुजींना. वकिलाचा नंबर त्यानंतर लागतो. गुरुजी फोन उचलतात, पण "हॅलो" म्हणत नाहीत. थेट "नाव?" असं विचारतात. मग "बापाचं नाव?" मग "गाव?" थोड्या वेळाने त्यांचाच उलटा फोन येतो. पोट्टं कोतवालीत आहे की भरवेलीच्या ठाण्यात, जेवलं की उपाशी आहे, कलम कोणतं लागतंय आणि सोबत आणखी कोण आहे, हे सगळं ते एका दमात सांगतात. शेवटी, न विचारता, एक वाक्य जोडतात : "माझ्याच वर्गात होता. तेव्हाही मागच्या बाकावर बसे."

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. खरं नाव सांगत नाही. असा माणूस प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतो, आणि एकाचं नाव छापलं तर बाकीचे रुसतील. गावात त्यांना सगळे रोजनामचे गुरुजी म्हणतात. मध्य प्रदेशात ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीला रोजनामचा म्हणतात. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाला आणलं, सगळं वेळेसह तिच्यात चढतं. गुरुजींचा स्वतःचा वेगळा रोजनामचा आहे : लाल कापडी पाठीचं, दोनशे पानी, आडवं रजिस्टर. शाळेत हजेरीचं असतं तसंच. रकाने त्यांनी पट्टीने आखलेले : दिनांक, नाव, पिता, गाव, ठाणे, कलम आणि शेवटी शेरा. सदतीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, निवृत्तीनंतर हात रिकामा राहीना, म्हणून आता अटकेतल्यांची घेतात.

दिनक्रम पक्का. सकाळी सायकल काढायची, आभाळ निरभ्र असलं तरी छत्री लावायची, आणि ठाण्याच्या बोर्डापाशी उभं राहायचं. दुपारी कोर्टाच्या आवारात, कारण रात्री धरलेल्यांना तिथे पेशीला आणतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर, जिथून जेलकडे जाणारी गाडी दिसते. गाडी गेली की गुरुजी निळं पेन काढतात. लाल पेन शेऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

ठाण्याबाहेर अटक झालेल्यांची नावं लावायची असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गुरुजींना ठाऊक आहे, आणि ते ज्यांच्यामुळे झालं त्यांचा उल्लेख ते जुन्या स्नेह्यासारखा "आपले बसूसाहेब" असा करतात. डी. के. बसू हे पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे तेव्हाचे कार्याध्यक्ष. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी 1986 च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानलं आणि 18 डिसेंबर 1996 ला अकरा सूचना दिल्या. त्यातली अकरावी अशी की जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस नियंत्रण कक्ष असावा, अटकेची खबर बारा तासांच्या आत तिथे पोहोचावी आणि ती ठळक दिसेल अशा फलकावर लावावी. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत 41-सी हे कलम आलं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 37 झालंय. प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, त्याने अटकेतल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप नोंदवायचं, आणि ते ठाण्यात व जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना दिसेल असं लावायचं. डिजिटलसुद्धा चालेल, असंही त्यात लिहिलंय.

हे सगळं माणूस गायब होऊ नये म्हणून. रात्री उचललेला पोरगा सकाळी कुठे आहे ते त्याच्या आईला कळावं म्हणून. गुरुजी मात्र तो फलक वर्गातल्या फळ्यासारखा वाचतात. एका ठाण्यात (कोणत्या, ते विचारू नका) मी त्यांना चिकटवलेल्या यादीवर लाल पेन चालवताना पाहिलंय. "टेभरे" असं छापलं होतं. त्यांनी 'टे'वर टिंब दिलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणाले, "अनुस्वार गेला तर दुसऱ्याच घरची सोयरीक मोडते." शिपाई काही बोलला नाही. तोही त्यांचाच विद्यार्थी असणार.

सोयरिकीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. गुरुजींचा खरा व्यवहार तोच. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि शेजारचा भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेला. त्याआधी सगळ्यांची राजधानी नागपूरच होती. सरहद्द आखली गेली, पण वैनगंगा त्या बाजूला वाहायची थांबली नाही आणि लग्नंही थांबली नाहीत. मुलगी गोंदियाची, मुलगा वारासिवनीचा. मुलगी लांजीची, मुलगा तुमसरचा. तुळशीचं लग्न झालं की गुरुजींचा फोन वाजायला लागतो. "गुरुजी, कटंगीकडलं एक स्थळ आलंय, पोरगा कसा हाय जी?" गुरुजी रजिस्टर उघडतात. पानं उलटल्याचा आवाज पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने फोन धरतात. मग निकाल देतात : "घर चांगलं आहे. फक्त काकाचा एक 151 आहे."

151 म्हणजे गुरुजींच्या मते खानदानी कलम. धुऱ्यावरून भांडण, गणपतीत डीजेवरून बाचाबाची, पोलिसांनी शांतताभंग होऊ नये म्हणून उचलून नेलं. ज्या घरात एकही 151 नाही त्या घराकडे जमीनच नसेल, असा त्यांचा साधा हिशोब आहे. जुगार कायद्यातलं नाव दिवाळीच्या आठवड्यातलं असेल तर माफ. आबकारीचं 34(1) म्हणजे महुआची थोडीफार दारू, "ते तर आहेच". पण 34(2) म्हणजे पन्नास लिटरच्या वर, त्यात जामीन सहजी होत नाही, आणि अशा घरी मुलगी देऊ नये असं ते स्पष्ट सांगतात. मुलीच्या काळजीने नव्हे. "एवढा धंदा असून हुंडा मागतात," हा त्यांचा राग.

1 जुलै 2024 हा दिवस गुरुजींना फार जड गेला. त्या दिवशी नवे कायदे लागू झाले आणि आयुष्यभराची पाठांतरं एका रात्रीत वाया गेली. 302 चं 103 झालं, 307 चं 109, 379 चं 303, 151 चं 170. चारशेवीस तर 318 च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसली. गुरुजी पहिला आठवडा टपरीवर आलेच नाहीत. मग एक वहीभर तक्ता करून आले, पहिलीच्या पोरासारखे उजळणी करत. तरी त्यांचं म्हणणं कायम आहे की 318(4) ला वजन नाही. "तू तीनशे अठरा कंसात चार आहेस, असं म्हटल्यावर कुणाला राग येईल काय?"

पुतण्याने त्यांना मोबाइलवर सगळं शिकवायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 ला सांगितलं होतं की प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. इंटरनेटची अडचण असेल तिथे थोडी सवलत. आणि लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी, मुलांवरचे अत्याचार असली नाजूक प्रकरणं टाकू नयेत. मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर ठाणं आणि तारीख टाकून अहवाल पाहता येतो. गुरुजींची गाडी अडली ती वाकड्यातिकड्या अक्षरांपाशी. मी माणूस आहे हे सिद्ध करायला यंत्र सांगतं, आणि अक्षर एवढं घाण काढतं? असं अक्षर काढणाऱ्या पोराला त्यांनी दहा वेळा लिहायला लावलं असतं. शेवटी पुतण्याने अक्षरं भरून दिली, पण शोधलेला अहवाल निघाला नाही. गुरुजींनी तत्काळ अनुमान काढलं : "टाकला नाही म्हणजे प्रकरण भारी." प्रकरण बकरी चोरीचं होतं, तारीख चुकीची भरली होती. पण तोवर "भारी प्रकरण" काली पुतली चौकापर्यंत पोहोचलं होतं.

माहितीच्या अधिकाराबद्दल त्यांना आदर नाही. 2005 च्या कायद्यात, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत माहिती द्यावी असं आहे. गुरुजी म्हणतात, "अठ्ठेचाळीस तास? तेवढ्यात मी जमानतदारसुद्धा आणून उभा करतो." ते खरंही आहे.

एकदा टपरीवर कुणाच्या तरी टेक्सासमधल्या भाच्याने फोनवर अमेरिकेतल्या एका काउंटीची जेल-यादी दाखवली. तिथले शेरीफ आत घेतलेल्यांची यादी खुशाल लावतात : समोरून फोटो, आरोप, जामिनाची रक्कम, आणि बऱ्याच ठिकाणी उंची-वजनसुद्धा. गुरुजींनी चष्मा पुसला. मी त्यांना इतकं मोहून गेलेलं कधी पाहिलं नव्हतं. बोटाने यादी वर-खाली, वर-खाली. मग कपाळाला आठी पडली. "पिता कुठं लिहिलंय?" भाचा म्हणाला, तिथे बापाचं नाव लिहीत नाहीत. गुरुजींनी फोन परत दिला. "वजन लिहितात आणि बाप नाही! मग कोणाचा कोण, कसं कळणार?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या भागात राजेश, मुकेश, दिलीप ही नावं आणि पटले, बिसेन, टेंभरे, राहांगडाले ही आडनावं एकमेकांत अशी मिसळलीत की एका गावात एकाच नावाचे चार जण सापडतात. बापाच्या नावाशिवाय यादी म्हणजे अंधारातला दगड. इंग्रजीत तर राहांगडालेचं स्पेलिंग जेवढी माणसं तेवढं. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स पोर्टलवर नावाने खटला शोधायला गेलं की एका स्पेलिंगला काहीच नाही आणि दुसऱ्याला अख्खा तालुका. तिथे गुरुजींची खरंच गरज लागते, हे त्यांच्या शत्रूंनीही मानलंय.

आणखी एका ठिकाणी लागते. अटकेच्या वेळी जो मेमो करतात, त्यावर एका साक्षीदाराची सही लागते. तो घरचा असावा किंवा त्या वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. गुरुजींनी ते कलम तोंडपाठ केलंय. घरचं कुणी नसेल तर ते स्वतःचं पेन घेऊन हजर होतात, मेमो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, अटकेची वेळ कोरी ठेवलेली असेल तर सही करत नाहीत. "आधी वेळ टाका साहेब." साहेब टाकतात. या एका गोष्टीपायी मी त्यांच्या बाकीच्या पन्नास गोष्टी सोडून देतो. त्यांची मान त्या दिवशी वेगळीच ताठ असते. "गावात पैसेवाले पुष्कळ. कायद्याने प्रतिष्ठित मी एकटा."

अडचण आहे ती शेऱ्याच्या रकान्याची. गुरुजींच्या रजिस्टरात आत जाण्याची नोंद आहे, बाहेर येण्याची नाही. जेलकडे जाणारी गाडी टपरीवरून दिसते. सुटलेला माणूस मात्र मागच्या गल्लीने, मान खाली घालून घरी जातो. तो दिसत नाही म्हणून लिहिला जात नाही. ई-कोर्ट्सवर शोधताना तीन पर्याय येतात : प्रलंबित, निकाली, दोन्ही. गुरुजी पहिल्यावर बोट ठेवतात आणि तिथेच थांबतात. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेलाच नव्हता. गुरुजींच्या रजिस्टरात ते सगळे पक्के.

मागे एक जण त्यांच्याकडे निकालाची नक्कल घेऊन आला. खटला बरीच वर्षं चालला, तो दोषमुक्त झाला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीची सोयरीक दोनदा मोडली होती. "गुरुजी, एवढं लिहून टाका ना जी." गुरुजींनी नक्कल सगळी वाचली, शिक्का उजेडात धरून पाहिला, त्याला चहा पाजला. पान काढलं. शेऱ्यात आधीच लिहिलेलं होतं : "स्वभाव चांगला, संगत वाईट." उरलेल्या जागेत त्यांनी लाल पेनाने, वळणदार अक्षरात लिहिलं : "न्यायालयाच्या मते निर्दोष."

तो माणूस बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "न्यायालयाच्या मते?"

"कोर्टाच्या विरोधात मी काही लिहिलंय काय?" गुरुजी म्हणाले, आणि रजिस्टर मिटलं.

म्हणून सांगतो. घरचं कुणी धरलं गेलं तर गुरुजींना जरूर फोन करा. मेमोवर वेळ टाकून घेणारा दुसरा माणूस तुम्हाला मिळणार नाही, आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं की नाही हे तेच घड्याळ लावून पाहतील. पण मुलीसाठी स्थळ बघत असाल तर त्यांना विचारू नका. ई-कोर्ट्सवर स्वतः शोधा, बापाच्या नावाची खात्री करा, आणि तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवा : दोन्ही.