दाजींची सुप्रमा

आमच्या दाजींनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त होताना खातं तिथंच ठेवून यायचं, ते त्यांनी घरी आणलं. साताऱ्यात त्यांच्याकडे दुसऱ्यांदा चहा मागितला तर ताई म्हणते, "थांब, तरतूद आहे का बघते."

२०२२च्या संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवता ठेवता दाजींनी जाहीर केलं, "पाव्हणं, मे महिन्यात रत्नागिरी. एक दिवस शहर, दोन रात्री समुद्रावर तंबूत." मुलं नाचली. मी नाचलो नाही. मला कालव्यांची कामं माहीत आहेत.

आम्ही गेलो २०२५च्या मे महिन्यात.

मधल्या काळाचा हिशोब फाईलमध्ये आहे. पहिलं पान 'प्रस्तावना व गरज', दुसरं 'लाभक्षेत्र' : मोठी माणसं सहा, मुलं चार. मुंबईचे आम्ही पुच्छभागातले लाभधारक. पुच्छभागाला सगळं उशिरा पोचतं, त्यामुळे पहिल्या वर्षीची तारीख आम्हाला ती उलटून गेल्यावर कळली. २०२३ला अंदाजपत्रक तयार झालं, पण प्रशासकीय मान्यता ताईची. तिने "तंबूत संडास कुठे?" एवढाच शेरा मारून फाईल परत केली. २०२४ला संडासासकट नवा प्रस्ताव आला, तोवर तंबूंचे भाव चढले होते. मग सुप्रमा. ज्यांचा सरकारी धरणांशी कधी संबंध आला नाही त्या सुखी लोकांसाठी सांगतो : सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. काम तेवढंच राहतं, आकडा वाढतो.

मी कोकण रेल्वेने यायचं ठरलं होतं. आरक्षण १२० दिवस आधी उघडतं, हे गृहीत धरून दाजींनी तक्ता केला होता. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ती मुदत ६० दिवसांवर आणली. दुसरा कोणी असता तर एक तारीख खोडून दुसरी घातली असती. दाजींनी पुन्हा सुप्रमा घेतली.

साताऱ्याकडच्या मंडळींसाठी रस्ते दोन. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, नाहीतर आणखी दक्षिणेला जाऊन आंबा घाट. दाजींनी कुंभार्लीच घेतला, कारण वाटेत कोयना. "कोयनेचं पाणी बोगद्यातून डोंगराखाली उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून दाभोळला समुद्रात जातं. आपण फक्त पाण्यामागोमाग जायचं." समुद्रात आपल्या खात्याचंही थोडं पाणी आहे, या विचाराने त्यांची छाती दोन इंच फुगते. ताई सांगते, धरणापाशी गाडी पाऊण तास उभी होती आणि मुलांना १०३ मीटर उंचीच्या भिंतीसमोर उभं करून 'टीएमसी' म्हणजे काय हे दोनदा समजावलं गेलं.

तारीखही अशीतशी धरलेली नव्हती. मे अखेरीस हापूसचा भाव उतरतो, आणि मृग ७ जूनला. म्हणजे २२ मेला निघालं तर आंबा स्वस्त आणि हातात पंधरवडा कोरडा. मृगावर चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाशी पावसाबद्दल वाद कोण घालणार? निघायच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी फोन केला. "तंबूची आगाऊ रक्कम गेलीय," दाजी म्हणाले, "निधी अखर्चित राहता कामा नये."

रत्नागिरी शहर आम्ही तक्त्याप्रमाणे पाहिलं. टिळकांचं जन्मस्थान पंचवीस मिनिटं, रत्नदुर्ग एक तास, मांडवीची जेटी सूर्यास्त धरून चाळीस मिनिटं. सूर्य ढगाआड होता, तरी मिनिटं खर्ची पडली. थिबा राजवाड्यात मात्र तक्ता मोडला. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये, हे दाजींनी वाचलं. ते बराच वेळ त्या लाल भिंतींकडे बघत राहिले. "चोवीस वर्षं," ते हळूच म्हणाले, "सुप्रमा झाली असणार." एका राजाचं दुःख इतक्या आतून कळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

२३ तारखेला आरे-वारेकडे तंबूत गेलो. किनाऱ्यामागे चढ, चढावर काजूची झाडं, झाडांखाली चार तंबू. दाजी थेट वाळूवर उतरले. भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत त्यांनी फाईलला जोडली होती : तिथीची पाऊणपट करा. "एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. त्यात अमावास्या जवळ, म्हणजे उधाणाकडे कल." मग काठीने वाळूत दोन रेघा ओढल्या, खालची निळी पूररेषा, वरची लाल. नदीकाठी घर बांधणाऱ्यांना ज्या रेषांनी खातं रडवतं, त्याच या. लाल रेषेच्या वर बुडीत क्षेत्र संपलं, असं मुलांना सांगण्यात आलं.

तंबूवाला कंबरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "काका, ही रेघ समुद्राला दाखवलीत काय?"

समुद्राने रेघ पाळली. हे दाजींच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

पाणी आलं ते मागून. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला की चढावरचा ओहोळ काजूंमधून वाट काढत आमच्या तंबूत शिरला आणि पुढच्या दाराने बाहेर पडला. माझ्या चपला त्याच्याबरोबर गेल्या. तंबूवाल्याने सगळ्यांना आपल्या घराच्या पडवीत घेतलं. मी तोवर तीन वर्षं या फाईलवर हसत होतो. पण त्या रात्री कोरड्या चादरी निघाल्या त्या 'परिशिष्ट ई : आपत्कालीन' लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून. विजेरी, मेणबत्त्या, काडेपेटी आणि मुलांसाठी राजगिऱ्याचे लाडूही त्याच पिशवीत होते. माझ्या बॅगेत पोहायची चड्डी होती.

दुसऱ्या दिवशी हा पाऊस आणणारं कमी दाबाचं प्रकरण रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा चढून आत गेलं. त्याच दिवशी मान्सून केरळात आठ दिवस आधी पोचल्याची बातमी आली. एव्हाना ताई दाजींशी बोलत नव्हती. दाजी अंगणात पावसात उभे होते, पायांशी स्टीलचा उभा डबा आणि हातात पट्टी. डबा काठोकाठ भरून वाहायला लागला तेव्हा त्यांनी पडवीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "सांडवा सुरू झाला!" निवृत्तीनंतर त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

परतताना हापूसची पेटी घेतली. पावसाने भाव खरोखरच पडला होता. 'अंदाज बरोबर' अशी नोंद फाईलमध्ये आहे. खाली पावसाची कारणमीमांसा, अडीच पानं.

दिवाळीत दाजींचा फोन आला. टप्पा दोन, मालवण. मूळ प्रस्ताव ताईकडे मान्यतेला आहे.