दहा सिटिंगचं पॅकेज

गुडघ्याच्या ऑपरेशनला अख्खं खानदान हजर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ पेशंटला उभं करायला येतो, तेव्हा हेच खानदान त्याच्यावर तुटून पडतं. ‘अहो, कालच ऑपरेशन झालंय, जरा आराम करू द्या की!’

आरामच करायचा होता, तर जुना गुडघा काय वाईट होता?

सरकारने २०१७ साली गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला लगाम घातला. घरोघरी त्याची चर्चा झाली. तो महागाचा गुडघा वाकवायचा कोणी, याची चर्चा अजून व्हायची आहे.

हिशेब सोपा आहे. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं. जिना उतरायचा तर ९०च्या आसपास लागतात. खोल सोफ्यातून उठायचं तर त्याहून जास्त. यातले बरेचसे अंश पहिल्या काही आठवड्यांतच कमवावे लागतात, कारण नंतर सांधा आखडत जातो. आणि ते आठवडे आपण भेटायला येणाऱ्यांना ऑपरेशनची गोष्ट सांगण्यात घालवतो.

पाय उशीवर ठेवून.

आता कंबर. एमआरआयच्या अहवालात मणक्याच्या गादीचा ‘बल्ज’ दिसला की घरात सुतक. पण २०१५मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, ती कंबर न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांची. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत बल्ज निघाला, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. म्हणजे गादी शेजाऱ्याचीही सरकलेली आहे. त्याने फोटो काढलेला नाही, एवढंच.

तरी आपण फाइल काखेत मारून फिजिओकडे जातो आणि पहिला प्रश्न विचारतो: ‘मशीन कुठलं लावणार?’

मशीनवर आपली भारी श्रद्धा. शेक, करंट, ट्रॅक्शन. वायर दिसली की पैसे वसूल. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६मध्ये कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अल्ट्रासाउंड, टेन्सचा करंट, ट्रॅक्शन देऊ नका आणि व्यायामाचा विचार करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे मशीन न लावणाऱ्या फिजिओला ‘काही करतच नाही हो’ म्हणतात.

शेकाने बरं वाटतं, हे मान्य. त्या बरं वाटण्याच्या तासाभरात व्यायाम उरकायचा असतो. आपण रिक्षा पकडतो.

‘घरी करताय ना?’
‘हो, रोज.’
‘करून दाखवा बरं.’

इथे बऱ्याच जणांना अचानक फोन येतो.

आठवड्यातून तीनदा अर्धा तास फिजिओसमोर, उरलेला आठवडा टीव्हीसमोर. यात गुडघ्याने कोणाचं ऐकावं?

दुसरा घोळ दुखणं थांबल्यावर. दुखणं थांबलं की आपणही थांबतो. पण स्नायूंत नीट ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात. सुरुवातीची सुधारणा बरीचशी मेंदू आणि नसांनी स्नायूला पुन्हा कामाला जुंपल्याची. म्हणजे दहा सिटिंगचं पॅकेज संपतं, तेव्हा स्नायू नुकता मस्टरवर सही करायला आलेला असतो. फ्रोजन शोल्डरचं तर विचारूच नका. मधुमेह असेल तर तो होण्याची शक्यता जास्त, आणि खांदा सुटायला काही महिने ते दोन-तीन वर्षं. चार दिवसांत हात वर नेण्याची हमी देणारा भेटला, तर खिशावरचा हात काढू नका.

व्यायामाने थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं तर चालू ठेवा. वाढतच गेलं किंवा सांधा सुजला तर फिजिओला सांगा, तो व्यायाम बदलेल. पण कंबरदुखीत लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखू लागली, तर फिजिओची वेळ बघत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

ही गंमत नाही.

फिजिओही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. वायरी चिकटवून शेजारच्या पडद्याआड गायब होणारे आहेत. तपासायच्या आधी पॅकेजचा आकडा सांगणारे आहेत. मालिशवाल्यापासून जिमच्या ट्रेनरपर्यंत कोणीही ‘फिजिओ’ची पाटी लावतो. २०२५च्या सप्टेंबरात फिजिओंनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढलं आणि लगेच मागेही घेतलं. पेशंटने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: पदवी कुठली आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का?

कोण विचारतो? भाजीवाल्याला मात्र मेथी कालची की आजची, हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

आणखी विचारा: मला नेमकं काय जमायला हवं, आणि कधीपर्यंत? ‘दुखायचं थांबलं पाहिजे’ हे मोघम झालं. लोकलमध्ये वरची कडी धरता आली पाहिजे, पंढरपूरच्या रांगेत उभं राहता आलं पाहिजे, असं सांगा. मग फिजिओलाही मापात धरता येतं. विमा पॉलिसीही आधी वाचा. नुसत्या ओपीडीतल्या फिजिओथेरपीचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. ऑपरेशननंतरच्या ठरावीक दिवसांतले अनेकदा देतात. बिलं पुरणाच्या डब्यात ठेवलेली सापडतात, तोवर मुदत उलटलेली असते.

ऋषभ पंतचा अपघात झाला ३० डिसेंबर २०२२ला. स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये तो परतला मार्च २०२४मध्ये. वय पंचविशीचं, मदतीला बोर्डाची फौज, तरी सव्वा वर्ष लागलं. आपण साठीतले, आणि सहाव्या सिटिंगला विचारतो: ‘अजून किती दिवस?’

असो. व्यायामाचा कागद फाइलमधून काढून फ्रिजवर लावा. आणि उद्या दांडी मारणारच असाल, तर आज फोन करून कळवा. त्या वेळेसाठी कोणीतरी थांबलेलं असतं.